कोऱ्या पुस्तकाची परीक्षा

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एलएलबी झाले आणि वकिलीची सनद पण मिळाली, पण वकिलांच्या बार कौन्सिलची ऑल इंडिया बार एक्झाम दोन वर्षांत काढली नाही तर प्रॅक्टिस बंद. शंभर प्रश्न, पासिंगला 45 टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा नसलेलं नुसतं कायद्याचं पुस्तक, सोबत न्यायला परवानगी, म्हटलं चला, आपण तर गड जिंकलाच!

परीक्षेच्या आदल्या रात्री बारावीतल्या पोराने सूचना वाचून दाखवल्या. मोबाइल नको, स्मार्टवॉच नको, आणि बेअर ॲक्टमध्ये काहीही लिहिलेलं नको, नाहीतर कॉपी केस. मी माझ्या पुस्तकांकडे बघितलं. नागपूरच्या बर्डीवरून आणलेली ती पुस्तकं मी सहा महिने पेन्सिलने अशी रंगवली होती की कलम कमी आणि मीच जास्त दिसत होते.

"आई, तुला आता तीन ते पाच वर्षं जेल अन् दहा लाख दंड," पोरगं खुश होऊन म्हणालं. मी म्हटलं, बाप्पा, तो 2024 चा कायदा पेपर फोडणाऱ्या टोळ्यांसाठी आहे, अन् त्याच्या यादीत यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँका, एनटीए असले लोक आहेत, बार कौन्सिलचं नावही नाही. तर म्हणे, "बघ, तुला सगळं पाठ आहे, मग पुस्तक कशाला नेतेस?" उत्तर नव्हतं म्हणून त्याला झोपायला पाठवलं.

मग रात्री साडेबारापर्यंत मी आणि नवरा रबर घेऊन बसलो. नवरा पुराव्याच्या कायद्यावर, मी बाकी सगळ्यावर. टेबलावर रबराचा चुरा इतका, की सकाळी तर्री-पोह्यावर शेव टाकली तर मला तोच आठवला. जी पुस्तकं मी कधी उघडलीच नव्हती ती मात्र एकदम निर्दोष निघाली, म्हणजे न वाचणारा इमानदार आणि वाचणारा आरोपी, असा हा न्याय!

सेंटरवर गेटवर बॅग ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, मंगळसूत्रावरही एक नजर पडली, पण सुटलं. हॉलमध्ये सुपरवायझर सरांनी माझं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्सचं, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याचं पुस्तक उचललं आणि पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पेन्सिल गेली होती हो, पण दाबून लिहायची माझी सवय, खोल वळ तसेच होते. चेक न वटण्याच्या कलम 138 च्या बाजूला स्पष्ट वाचता येत होतं: "मामाचा चेक!!"

"हे काय आहे मॅडम?"

"सर, घरगुती आहे."

ते वाकून बघत राहिले. माझ्या पोटात गोळा. आता फॉर्म भरून घेतात, सही घेतात, सनद गेली, मामाने आयुष्यभर काही दिलं नाही आणि शेवटी हे दिलं. सरांनी आजूबाजूला बघितलं, आवाज एकदम खाली आणला.

"परत आला होता का तो चेक?"

मी मान हलवली.

"बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्या लागते ना? माझ्या भाड्याचे दोन आलेत परत, तेवीस दिवस झाले. पत्र साधं पाठवू का रजिस्टर्ड?"

हॉलमध्ये बोलायला मनाई आहे, असं समोरच्या फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, म्हणून मी फक्त बोटांनी रजिस्टर्डचा शिक्का मारून दाखवला.