तुम्ही आणलेला ऑक्सिजन सेन्सर आम्ही का लावला नाही

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. तुमचं म्हणणं असं की ऑक्सिजन सेन्सर तुम्ही स्वतः ऑनलाइन मागवून आमच्या हातात दिला होता, अर्ध्या तासाचं काम होतं, तरी आम्ही तो लावला नाही आणि गाडी मुक्कामी ठेवून घेतली. शेवटी एक रबरी पाइप आणि पॅकिंग बदलून वर तपासणीचे वेगळे पैसे लावले, आणि आठवड्यात इंजिनाची पिवळी लाईट परत लागली. आपल्या लातूर भागात एसयूव्ही म्हटलं की डिझेलच जास्त. जुन्या पेट्रोल एसयूव्ही थोड्या, त्यामुळे त्यांच्या या दुखण्यावर नीट बोलणंही कमी होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्यासारखीच गाडी दारात असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच आहे.

गाडी आली तेव्हा न्यूट्रलला उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली होत होता, स्टिअरिंगला थरथर होती. सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग (इंजिनाने मध्येच ठोका चुकवणं) जास्त, इंजिन तापलं की कमी, हे तुम्हीच सांगितलं होतं. जॉब कार्डवर ते तुमच्याच शब्दांत लिहिलेलं आहे, कारण सगळ्यात मोठा धागा तोच होता. स्कॅनरवर दोषाचे दोन कोड होते, पी०१७१ आणि पी०१४१. पहिला कोड मोबाइलवर शोधला की खाली कारणांच्या यादीत 'ऑक्सिजन सेन्सर' हे नाव येतंच, आणि तिथूनच तुम्ही सेन्सर मागवला.

पी०१७१ चा अर्थ इतकाच की इंजिनाच्या कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवत नेलं, त्याच्या मर्यादेपर्यंत नेलं, तरी सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्तच येतोय. गाडीत ऑक्सिजन सेन्सर दोन आहेत, एक पुढे आणि एक मागे; ही बातमी पुढच्याने दिली. बातमी देणाऱ्यातच दोष आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. तहसीलमधला पर्जन्यमापक बदलून पाऊस वाढत नाही, तसंच हे आहे. सेन्सर खरं बोलत असेल तर नवा सेन्सरही तेच बोलणार, आणि तुमचे पैसे मात्र गेलेले असणार.

मग तो खरं बोलतोय की खोटं, हे आधी बघावं लागतं. तुमच्या गाडीतला सेन्सर झिर्कोनियाचा आहे. साधारण तीनशे डिग्रीच्या पुढे तापला की तो काम करायला लागतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त झाली तर ०.१ पर्यंत उतरतो. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे बरोबरचं प्रमाण. ते जमलं की मध्ये ०.४५ च्या आसपास असतो, आणि चालू इंजिनावर तो त्या रेषेच्या वर-खाली सारखा फिरत राहिला पाहिजे. आम्ही इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, थोडा गॅस सोडून मिश्रणात इंधन मुद्दाम जास्त केलं, सेन्सर ०.८ च्या वर उडी मारून गेला. मग एक व्हॅक्यूमचा पाइप काढून हवा आत जाऊ दिली, लगेच ०.२ च्या खाली आला. मरत आलेला सेन्सर इतक्या चपळाईने हलत नाही. तो मध्येच रेंगाळतो किंवा एका जागी बसून राहतो. तुमचा धडधाकट होता. तो ग्राफ काढून तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला आहे, एकदा बघा.

आणखी एक गोष्ट गाडी चालवणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. या सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही. एखादा प्लग किंवा कॉइल मिसिंग मारत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर 'हवा जास्त' असंच सांगतो, आत पेट्रोलचा पूर असला तरी. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला बारीक फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हीच फसगत होते. तुमच्या गाडीत मिसिंग चौथ्या सिलिंडरमध्ये होतं, म्हणून त्याची कॉइल आणि प्लग दुसऱ्यात टाकून पाहिले. मिसिंग चौथ्यातच राहिलं, म्हणजे कॉइल आणि प्लग निर्दोष ठरले. एक्झॉस्टच्या जोडालाही फट निघाली नाही.

खरी दिशा दाखवली ती फ्युएल ट्रिमच्या आकड्यांनी. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते हा आकडा सांगतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही काळजी करत नाही. तुमच्या गाडीत आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कायमची वाढ २२ टक्के आणि वर तात्पुरती ८, म्हणजे जवळपास ३०. तीच गाडी २५०० आरपीएमला धरली तर एकूण ६ वर आली. आयडलला आकडा फुगलेला आणि रेस केल्यावर उतरतो, याचा अर्थ कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय. आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे चोरवाटेने येणारी हवा त्यात मोठी ठरते. रेस केल्यावर एकूण हवाच इतकी वाढते की तिचा हिस्सा नगण्य होतो. उलट रेस केल्यावर आकडा वाढत गेला असता तर आम्ही गाडीतल्या पेट्रोल पंपाचं प्रेशर, फिल्टर आणि धुळीने माखलेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांच्या मागे लागलो असतो. कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत तो एअर फ्लो सेन्सर आम्ही तरीही साफ करून बघतोच. तुमचा साफ केला, त्याने आकड्यात फरक पडला नाही, आणि त्याचे पैसेही लावलेले नाहीत.

आता मुक्कामाचं. सकाळी थंड इंजिनाला दुखणं जास्त आणि तापल्यावर कमी, हे लक्षण इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगकडे बोट दाखवतं. थंड असताना फट उघडी राहते, तापलं की धातू फुगून ती थोडी मिटते. शिवाय सेन्सर तापेपर्यंत कॉम्प्युटर त्याचं ऐकतच नाही, त्यामुळे सुरुवातीला त्या चोरट्या हवेची नीट भरपाईही होत नाही. दुपारी अहमदपूरहून रस्त्याने तापून आलेल्या गाडीत हे पकडता येत नाही. रात्रभर गार झालेलं इंजिनच लागतं. काही ठिकाणी गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा सरळ पेट्रोल मारून आरपीएम बदलतो का बघतात. आमच्याकडे ते कुणालाच करू देत नाही. त्यात आग लागते, आणि गाडी ग्राहकाची असते.

सकाळी इंजिन सुरू न करता इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला. चौथ्या सिलिंडरजवळच्या पॅकिंगमधून तो बाहेर आला, आणि पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या, रबरी पाइपाच्या वाकणातूनही. तो पाइप वरून चांगला दिसत होता, चीर खालच्या बाजूला होती. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होऊन असंच तडकतं. दोन्ही बदलल्यावर ट्रिम आयडलला ४ टक्क्यांवर आला आणि काटा स्थिर झाला. तुमच्याच रिव्ह्यूत 'गाडी आता हलत नाही' हे वाक्य आहे, ते वाचून मला बरं वाटलं.

तपासणीच्या पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. पाइप आणि पॅकिंग स्वस्त आहेत, हे खरंच. पण त्या दोन वस्तू शोधायला ग्राफ बघता येणारा स्कॅनर, धुराचं मशीन आणि त्या मशीनसमोर उभा राहणारा शिकलेला माणूस लागतो. तो माणूस सकाळपासून तुमच्या एकाच गाडीपाशी होता, त्याला पगार द्यावा लागतो. हे पैसे घेतले नाहीत तर गॅरेजवाल्याकडे कमाईचा एकच मार्ग उरतो, पार्ट विकणं. मग ग्राहकाच्या गाडीत चांगल्या पार्टच्या जागी नवे पार्ट बसत राहतात. मला माझं गॅरेज त्या वाटेने न्यायचं नाही. रक्कम काम सुरू करण्याआधी जॉब कार्डवर लिहून तुमची सही घेतली होती.

तुम्ही एका ओळीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोललाही दोष दिलाय. हे सध्या रोज ऐकतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला थोडं पेट्रोल वाढवावं लागतं आणि ट्रिम काही टक्के वर जातो, मायलेजही थोडं पडतं. जुन्या गाडीच्या रबरी भागांवर लक्ष ठेवलेलं बरं. पण ३० टक्के एकट्या इथेनॉलने होत नाहीत. तसं असतं तर त्याच पंपावर भरणाऱ्या सगळ्या गाड्या तुमच्या गाडीसारख्या हलल्या असत्या.

राहिली परत लागलेली लाईट. तुम्ही टाकलेल्या फोटोत कोड पी०१४१ आहे. पी०१७१ त्यात नाही. हा दुसरा कोड मागच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा आहे. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतोय का ते मागचा सेन्सर बघतो. आयडलच्या थरथरीशी त्याचा संबंध नव्हता. त्याची वायर उंदराने कुरतडलेली होती. सोयाबीनची काढणी झाली की शेतातले उंदीर गोठ्यात आणि शेडात येतात आणि उबदार इंजिन शोधतात, दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे अशा गाड्यांची रांग असते. तुम्हाला वायर दाखवली होती, 'ते नंतर बघू' असं तुम्ही म्हणालात, जॉब कार्डच्या खालच्या ओळीत ते नोंदवलंय. त्या दिवशी गाडी लग्नाला न्यायची होती, तुमची घाई मला समजते.

आता एक विनंती. ती वायर कुठेही नुसती पिळून, ग्रीस भरून किंवा डाग देऊन जोडून घेऊ नका. असे बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या फटीतून आत घेतात. ती वाट बुजली तर चांगला सेन्सर चुकीचं सांगायला लागतो आणि मग खरोखरच नवा घ्यावा लागतो. दाबून बसवायच्या योग्य जोडणीने ती वायर दुरुस्त होते. आधी हीटरचा रेझिस्टन्स मोजू; तो शाबूत असेल तर सेन्सरचा खर्च वाचेल. मजुरी किती ते काम सुरू करण्याआधीच सांगतो, आणि तुमच्या गाडीचा ट्रिम पुन्हा एकदा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.

तुम्ही मागवलेला सेन्सर पुढच्या जागेचा आहे, मागे बसणार नाही. वायरची लांबी आणि कनेक्टर दोन्ही वेगळे आहेत. डबा आम्ही उघडलेला नाही, सील तसंच आहे. परत करायची मुदत संपण्याआधी तो परत पाठवा.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर तुमच्यासमोरच आकडे बघू. रविवारी आम्ही बंद असतो.

गॅरेज मालक, औसा रोड, लातूर