पाण्यातून काढलं, पण ठेवलं कुठे?

काल कट्ट्यावर मंदार आला तोच खुशीत. "प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत, आता सुटलो आपण!"

"सापडलेत खरे, पण २०१६ सालीच," संजू म्हणाला. "जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्रापाशी. ते खातात फक्त पेट (PET), म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. तेसुद्धा तीस अंश तापमानात, आणि एक पातळ फिल्म संपवायला त्यांना सहा आठवडे लागले. थंडगार समुद्रात विखुरलेल्या प्लास्टिकच्या बारीक कणांना ते कधी पुरे पडणार?"

"मग जाळी लावून गाळा."

इथे मला राहवेना. पाच मिलिमीटरहून लहान ते मायक्रोप्लास्टिक, आणि त्यातले बहुतेक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, तेही त्याच मापाचे. एवढी बारीक जाळी समुद्रात ओढायची, तर ज्यांच्यावर मासे जगतात तेच जीव आधी गोळा होतील. शिवाय हे कण फक्त पाण्यातच आहेत असंही नाही. एव्हरेस्टवर ८४४० मीटर उंचीवरच्या बर्फात ते सापडले आहेत. युरोपातल्या पिरेनीज पर्वतात, गावांपासून लांब, वाऱ्यापावसाबरोबर येऊन पडताना मोजले आहेत. वाऱ्याला कुठली जाळी लावणार?

"एवढं येतं तरी कुठून?" मंदारचा आवाज जरा खाली आला.

"तुझ्या अंगातल्या टीशर्टमधून," वैशाली म्हणाली. ती मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात काम करते, त्यामुळे ती बोलायला लागली की आम्ही गप्प बसतो. "पॉलिएस्टरच्या प्रत्येक धुण्यात धागे सुटतात. टायर रस्त्यावर झिजतात, ती धूळ पावसाने गटारात जाते. रंगाचे पोपडे निघतात, उन्हाने पिशव्या ठिसूळ होऊन तुटतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार, बारीक कणांच्याच रूपात समुद्रात पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी जवळपास दोन तृतीयांश नुसतं कपड्यांचं आणि टायरचं आहे."

"पण तुमच्या केंद्रात तर नव्वद टक्क्यांच्या वर अडतं ना?" संजूने विचारलं. "म्हणजे काढता येतंच की."

"पाण्यातून निघतं रे. आधी जाळ्या, मग निवळण टाकी, जिथे शेवटी वाळूचा थर असतो तिथे अजून थोडं. पण ते नाहीसं होत नाही, गाळात बसतं. तो गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकला, की तेच कण मातीत. वाळले की वाऱ्यावर, पाऊस आला की ओढ्यात."

मला हे सगळ्यात जास्त लागलं. आपण 'काढलं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा नुसती जागा बदललेली असते.

संजूने हट्ट सोडला नाही. पिण्याच्या पाण्याचं काय, म्हणाला. २०२४ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी उकळलं तर त्यातला चुना या कणांभोवती साका धरतो, आणि मग ते गाळून घेता येतात, नव्वद टक्क्यांपर्यंत. मृदू पाण्यात मात्र पंचवीस टक्क्यांच्या आसपासच. हा उपाय मलाही पटला, पण तो एका भांड्यापुरता. नदीला कोण उकळणार?

"म्हणून धागा सुटतो तिथेच धरायचा," वैशाली म्हणाली. "वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला फिल्टर. कमी वेळा धुवायचं, थंड पाण्यात, मशीन भरल्यावर."

मंदार एकदम उठून बसला. "आमच्या मशीनला आहे तसला फिल्टर! दर आठवड्याला साफ करतो मी."

"कसा?"

"नळाखाली धरून."

कोणी काही बोललं नाही. मग वैशालीच शांतपणे म्हणाली, "तो लगदा वाळव, खरवड आणि सुक्या कचऱ्यात टाक. नळाखाली धरलास की तो माझ्याच टाकीत येतो."