नजर लागते म्हणून गप्प?

घरच्या ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला. 'आपला आनंद कोणाला सांगू नका, नजर लागते. फार हसतो त्याला रडावंच लागतं. सांगितलं की यश निसटतं, हे विज्ञानानंही सिद्ध झालंय.' खाली जोडलेल्या हातांची रांग.

नाशिकच्या सिडकोतली माझी भाची सरकारी परीक्षेत निवडली गेली. मला कळलं बाराव्या दिवशी, जिन्यात, चपला घालताना. "मावशी, हळू बोल. आई म्हणते ऑर्डर येईपर्यंत कोणाला नको." पेढ्यांचा पुडा पिशवीत, ओढणीखाली.

आधी ते विज्ञान. हे बहुधा मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या 2009 च्या प्रयोगांचं कडबोळं. ते होते इरादा बोलून दाखवण्याबद्दल: 'मी अमुक होणार' याची चारचौघांनी दखल घेतली की मेहनत ढिली पडू शकते. झालेल्या गोष्टीच्या आनंदाशी त्याचा काय संबंध? त्याबद्दल मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलं ते नेमकं उलटं: चांगली गोष्ट कोणाला सांगितली त्या दिवशी, त्या गोष्टीनं झाला असता त्याहून जास्त आनंद लोकांनी नोंदवला. मात्र ऐकणारा कसा, यावर बरंच ठरतं. "कधी कळलं? कुठे होतीस तेव्हा?" असं विचारणारा हवा. "बघू, पोस्टिंग कुठे देतात" म्हणणाऱ्यापुढे पेढा घशातच अडकतो.

नजरेचं म्हणाल तर जळणारे असतात, कबूल. नोकरी गेलेल्या शेजाऱ्यापुढे पगारवाढ मिरवू नये, पण ते त्याच्या मनाला लागतं म्हणून. निफाडचा द्राक्षवाला पैसे खात्यात पडेपर्यंत भाव सांगत नाही, तोही व्यवहार झाला.

राहिलं रडणं. ते न हसणाऱ्यांच्याही वाट्याला येतं, पण हसल्यानंतरचं तेवढं आपण मोजतो. गंमत म्हणजे हीच माझी बहीण दर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या तिवंध्याच्या रहाडीपाशी हजर. पेशव्यांच्या काळातला तो हौद, एरवी बुजवलेला. कोणी धप्पा मारला, म्हणजे धाडकन उडी घेतली, की रंगाचं पाणी काठावर उसळतं आणि ही नखशिखांत भिजून खिदळते. तेव्हा नजर बरी आठवत नाही!

त्या दिवशी भाचीला पायरीवरच बसवलं. म्हटलं, "यादीत नाव दिसलं तेव्हा काय केलंस?"

"बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि ओरडले."