ब्लू बॅज असला की गाडीचा कर माफ? नाही!

ब्लू बॅज, म्हणजे ब्रिटनमध्ये दिव्यांगांना मिळणारं पार्किंगचं कार्ड. त्याबद्दल तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ब्लू बॅज आहे ना? मग गाडीचा कर शून्य, भरलेला सगळा परत.’ हे चूक आहे, आणि अशा मेसेजवर विसंबून कुणाच्या म्हाताऱ्या आईवडिलांना दंड बसू नये, म्हणून हा खुलासा.

ब्लू बॅज पार्किंगसाठी असतो. करसवलत ठरते ती पिपच्या (पीआयपी, दिव्यांगांना मिळणारा सरकारी भत्ता) ‘मोबिलिटी’ म्हणजे हालचालीच्या अडचणींसाठीच्या भागावर. वरचा, म्हणजे एन्हान्स्ड दर मिळत असेल तर पूर्ण माफी. स्टँडर्ड दर असेल तर ५० टक्के. डीएलए या जुन्या दिव्यांग भत्त्यामध्ये फक्त वरच्या मोबिलिटी दरालाच माफी आहे. सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्स (वृद्धांच्या देखभालीसाठीचा भत्ता) मिळतो म्हणून कर माफ होत नाही, त्यात मोबिलिटीचा भागच नाही.

गाडी भत्ता मिळणाऱ्या व्यक्तीच्या किंवा तिने नेमलेल्या ड्रायव्हरच्या नावावर हवी आणि वापर फक्त तिच्या कामासाठी. मुलाने तीच गाडी रोज ऑफिसला नेली तर ते नियमात बसत नाही. एका वेळी एकाच गाडीला माफी.

अर्ध्या सवलतीसाठी पिपच्या दराच्या पुराव्याचं पत्र, लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र), व्ही१० हा गाडीच्या कराचा फॉर्म आणि निम्म्या रकमेचा चेक स्वान्सीच्या डीव्हीएलएकडे (वाहन नोंदणी आणि कराचं सरकारी कार्यालय) टपालाने पाठवा. पूर्ण माफी असली तरी गाडी ‘टॅक्स’ करावीच लागते, म्हणजे कराची नोंद करावी लागते, फक्त पैसे लागत नाहीत.

आणि परतावा? तो उरलेल्या पूर्ण महिन्यांचाच. क्रेडिट कार्डाचं शुल्क किंवा डायरेक्ट डेबिटवरचा ५ टक्के अधिभार परत येत नाही.