नवीन ट्यूबवेल पाडताय? मग हे वाचाच

यावल-रावेर पट्ट्यात केळी लावायची आणि पाण्याचा विचार करत बसायचं, हे बागायतदाराला शोभत नाही. विचार कोरडवाहूवाल्याने करावा. आपण खाली जावं.

सुरुवात पानाड्यापासून करा. भूजल सर्वेक्षणवाल्या साहेबांना विचारू नका; ते निरीक्षण विहिरींचे आकडे काढतात आणि चांगला दिवस खराब करतात. पानाड्याचं तसं नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे चुना टाकतो. आमच्याकडे नारळ नेमका शेजारच्या आप्पांच्या चालू ट्यूबवेलपासून वीस पावलांवर उभा राहिला. पाणी कुठे आहे, नारळालाही कळतं.

मग बोअर पाडायची गाडी. ती रात्रीची बोलवा. २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. दोनशे फुटांवर आमच्याकडे आता पाइपातून निसटून पडलेल्या जुन्या मोटरी तेवढ्या सापडतात, त्यामुळे कायदा करणाऱ्यांनी केळीचा बाग पाहिलाच नसावा असं समजून पुढे चला. गाळ बाहेर पडायला लागला की मोबाइलच्या उजेडात उकिडवं बसायचं आणि चिमूटभर तळहातावर चोळायचा. बोटांना वाळू कचकच लागली तर पाणी. साबणासारखा गुळगुळीत लागला तर चिकणमाती. मशीनवाल्याला म्हणायचं, ‘भाऊ, अजून पन्नास फूट होऊ दे.’ हे वाक्य पाठ करा. रात्रभर तेच लागतं.

वीजबिलाची काळजी नको. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज मोफत आहे. मोटर मोठी बसवली असेल तर तिच्यावरची पाटी तेवढी साडेसातची ठेवा. स्टार्टर ऑटोवर टाका आणि झोपा. रात्री दोनला लाइट आली की मोटर आपोआप सुरू होईल, बागेला तहान असो वा नसो.

ठिबक मात्र अवश्य करा. ठिबकने पाणी वाचतं, यात खोटं काहीच नाही. वाचलेलं पाणी जमिनीत तसंच ठेवलं तर ते आप्पा उपसतील. म्हणून कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याअखेर लावलेली केळी, आहेच, शिवाय दोन एकर मृगबाग, म्हणजे जून-जुलैची लागवड, वाढवा.

धुळ्याकडचं कुणी फड पद्धतीचं कौतुक सांगायला लागलं तर विषय बदला. पांझरेकाठी तीन-चारशे वर्षं लोकांनी फारच मागासपणे शेती केली. नदीवर बंधारा, बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. ऊस कुठल्या फडात, भुसार कुठल्या, हे गावाने बसून ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी. ज्याचं शेत त्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. नदीत कमी तर सगळ्यांना कमी. आता सांगा, जी-नाइन केळीचा बाग उभा करताना शेजाऱ्याला विचारत बसणार का तुम्ही?

राहिलं पुनर्भरण. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जाड थर आहे, पावसाचं पाणी तिथून खाली मुरतं, ही गोष्ट खरी. पण ते काम सरकारचं. १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायचा, करार केला आहे. पाणी मुरायला लागेल तेव्हा वरच्या वर मिळेल. तोवर खालचं संपवून जागा करून ठेवणं एवढं आपण करू शकतो. शेतातला नाला खोल करायचा विचार मीही केला होता, पण त्यात केळीच्या दोन ओळी जात होत्या.

सहाव्या महिन्यात आप्पांची मोटर हवा ओढायला लागेल. पाइपातून आधी भुसभुस, मग नुसतीच घरघर. संध्याकाळी ते बांधावर येतील, चहा घेतील, केळीच्या भावाचं विचारतील. मग हळूच गाडीवाल्याचा नंबर मागतील.

देऊन टाका. किती फुटांवर पाणी लागलं ते विचारलं, तर शंभर फूट कमी सांगा.