झाकला एरर सव्वा लाखाचा

हिंजवडी असो, खराडी असो नाहीतर थेट न्यू जर्सी, नव्याने कोड लिहायला लागलेल्या मुलामुलींची एक खोड काही केल्या जात नाही. प्रोग्राममध्ये एरर आला की ती बोंब मारतात. स्क्रीनवर लाल अक्षरं, चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठून कुठे गेली त्याची वंशावळ, वर टीमच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट. अहो, एरर ही काय मिरवायची गोष्ट आहे? घरातली भांडणं कोणी गॅलरीत येऊन करतं का? तेव्हा चार अनुभवाचे बोल सांगतो. ऐकाल तर अप्रेझलला उपयोगी पडतील.

सगळ्यात आधी एरर गिळायला शिका. जावा भाषा ज्यांनी रचली त्यांना वाटलं, फाइल सापडली नाही, नेटवर्क तुटलं, असल्या संकटांची दखल प्रोग्रामरला घ्यायलाच लावावी. म्हणून त्यांनी कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, पहाऱ्यावर बसवलं. एक्सेप्शन, म्हणजे असं संकट आल्याची वर्दी, पकडा, नाहीतर आपण तो वर ढकलतोय असं फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याच्या, कपाळावर लिहा, त्याशिवाय पुढे सोडणार नाही. या सक्तीला प्रोग्रामरांच्या पिढ्यान् पिढ्यांनी दिलेलं उत्तर फक्त दोन महिरपी कंसांचं आहे. 'कॅच' लिहायचं, कंस उघडायचा, कंस मिटायचा. आत काही नाही. फारच टोचणी लागली तर एक कॉमेंट: 'टुडू: नंतर बघू.' कंपायलर खूश, लीड खूश, आणि 'नंतर' काही कोणाच्या कॅलेंडरात येत नाही.

गिळल्यावर काय होतं ते जरा जवळून बघा, म्हणजे त्यातलं सौंदर्य कळेल. दरपत्रकाची फाइल वाचायची आहे. फाइल जागेवर नाही. एक्सेप्शन आला आणि रिकाम्या कंसात विरून गेला. फंक्शनला काहीतरी परत द्यावंच लागतं, म्हणून त्याने 'नल' ('इथे काहीच नाही' अशी खूण) दिला. ज्याने घेतला त्याने न बघता पुढे सरकवला, त्याने त्याच्या पुढच्याकडे, आणि रात्री पावणेदोनला बिलं छापणारं मॉड्यूल कोसळलं. आता चौकशी कोणाची? बिलं छापणाऱ्याची. त्याच्या कोडला तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही, तरी तो बिचारा उजाडेपर्यंत स्वतःच्याच ओळी तपासत बसतो. तुम्ही शांत झोपलेले असता. हा नल संगणकशास्त्रज्ञ सर टोनी होअर यांनी 1965 साली आल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणला. करायला सोपा होता म्हणून मोह आवरला नाही, असं त्यांनीच पुढे सांगितलं, आणि 2009 साली एका व्याख्यानात ही आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचंही कबूल केलं. साहेबांनी उगाच मनाला लावून घेतलं. अब्ज डॉलर गेले ते काय त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेले?

जावाच कशाला, सोय सगळीकडे आहे. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' एवढी एक ओळ वर टाकली की खाली काहीही जळो, प्रोग्राम आपला पुढच्या ओळीवर. पायथनमध्ये उघडाबोडका 'एक्सेप्ट' (कुठलाही एरर पकड) आणि त्याखाली 'पास' (काही करू नकोस). हा गडी इतका इमानी, की वैतागून कोणी प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं तर तेही गिळतो. गो भाषेवाल्यांनी एरर हातात आणून ठेवायची पद्धत काढली खरी, पण नको असलेलं मूल्य टाकून द्यायला अंडरस्कोरही दिला. देव दयाळू आहे.

कधीकधी मात्र गिळता येत नाही. समोर माणूस बसलेला असतो आणि त्याला काहीतरी दाखवावंच लागतं. तिथे मजकूर असा हवा की तो वाचून त्याच्या हाती काहीही लागू नये. 'काहीतरी चुकले. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' काय चुकलं, कोणाचं चुकलं, थोडा वेळ म्हणजे चहा होईपर्यंत की पुढच्या अधिक मासापर्यंत, सगळं गुलदस्त्यात. यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने 2019 च्या परिपत्रकात हा थोडा वेळ चक्क मोजून टाकला: पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचल्याची खूण मिळाली नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. असल्या ढवळाढवळीनेच कला मरते.

वाक्यापेक्षाही उत्तम म्हणजे नुसता आकडा. थेरॅक-25 नावाचं कॅन्सरवरच्या किरणोपचाराचं कॅनडात बनलेलं यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर 'मालफंक्शन 54' अशी अक्षरं उमटायची. चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत या 54 चा अर्थच दिलेला नव्हता. अर्थ असा होता की किरणांची मात्रा एकतर फार जास्त गेली आहे, नाहीतर फार कमी. वा! याहून नेमकं कोणी काय सांगायचं? यंत्र ऊठसूट असे आकडे दाखवून अडायचं, त्यामुळे ऑपरेटरांचा हात बसलेला होता. पी हे बटण दाबायचं की काम पुढे चालू. 1986 साली टेक्सासमधल्या टायलर शहरात असंच 54 आलं, पडद्यावर मात्रा अगदीच कमी गेल्याचं दिसत होतं, म्हणून ऑपरेटरबाईंनी पी दाबलं. आतल्या रुग्णाला तोवर ठरलेल्याच्या कित्येक पटींनी मात्रा बसलेली होती. पी दाबल्यावर बसली ती दुसरी. पाच महिन्यांनी तो गेला. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडा मिळून असे सहा अपघात झाले. प्रोग्रामकडे मात्र बोट दाखवायला जागा नाही. पुढे जायचं असेल तर पी दाबा, इतकंच तो म्हणाला होता. पुढे जाच, असं नव्हता म्हणाला.

आता कोणीतरी अभ्यासू सहकारी अपोलो 11 चा दाखला देईल, त्याला वेळीच आवरा. 20 जुलै 1969, यान चंद्राकडे उतरतंय, आणि संगणकावर '1202' झळकतो. तिथेही नुसता आकडाच. पण काही आठवडे आधी झालेल्या सरावात अशाच एका आकड्याला घाबरून मोहीम विनाकारण सोडून देण्याचा निर्णय झाला होता, म्हणून ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन या 24 वर्षांच्या अभियंत्याने सगळ्या अलार्मची यादी, कुठल्या वेळी काय करायचं यासकट, हाताने लिहून टेबलावर ठेवली होती. यादीत बघून काही क्षणांत त्याने सांगितलं, सतत येत नसेल तर उतरू द्या. यानातला प्रोग्रामही असा रचलेला, की डोईजड काम झालं तर बिनमहत्त्वाचं टाकून द्यायचं, उतरवण्याचं तेवढं नव्याने सुरू करायचं, आणि हे सगळं वरच्या माणसांना कळवायचं. ऐकायला छान वाटतं. पण एकेका एररसाठी आधी बसून विचार करायचा, त्याची यादी करायची, त्याचा सराव करायचा, असं केलं तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका हप्त्यात, काय चंद्र बसवणार?

लॉगबद्दल, म्हणजे प्रोग्राम स्वतः लिहीत असलेल्या रोजनिशीबद्दल, फार बोलत नाही. सगळं लॉगमध्ये टाका, इतकं टाका की कामाची ओळ शोधणाऱ्याला मोतीबिंदू व्हावा. त्याहून पक्कं काम हवं असेल तर एरर ई-मेलने पाठवा. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलालांच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर जुनाच राहिला. 1 ऑगस्ट 2012 ला बाजार उघडण्यापूर्वी त्यांच्याच यंत्रणेने त्या जुन्या कोडचा उल्लेख असलेल्या 97 ई-मेल कर्मचाऱ्यांना धाडल्या होत्या. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या इशारा म्हणून पाठवल्याच नव्हत्या म्हणे. बाजार उघडल्यावर 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ई-मेल सगळ्या वेळेवर पोचल्या होत्या, हे मात्र मान्य करावं लागेल.

इतकं करूनही कोणी तक्रार घेऊन आलंच, तर शेवटचं अस्त्र काढा: चूक तुमचीच. आपल्याकडे हे घरोघरी माहीत आहे. रेशनच्या मशीनवर अंगठा जुळला नाही की दोष अंगठ्याचा, भांडी घासून रेषा झिजवल्या कोणी? पण या अस्त्राचा खरा पराक्रम बघायचा तर विलायतेला जावं लागतं. तिथल्या पोस्ट ऑफिसने 1999 पासून शाखाशाखांतून फुजित्सु कंपनीची होरायझन ही हिशेबाची प्रणाली बसवली. शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर म्हणजे बहुतेक किराणा, वाणसामानाच्या दुकानात पोस्टाचा काउंटर मांडून बसलेली साधी माणसं. संध्याकाळी हिशेब लावायला बसलं की प्रणाली सांगायची, इतके पौंड कमी आहेत. करारावर बोट ठेवून पोस्ट ऑफिस म्हणायचं, तूट तुम्हीच भरा. त्यांनी पदरचे भरले, उसने काढून भरले. मदतीच्या फोनवर विचारलं, तर कित्येकांना एकच उत्तर मिळालं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

काय वाक्य आहे! जपून ठेवा. हे वाक्य शेकडो जणांना वेगवेगळं सांगता येतं, आणि प्रत्येकाला ते खरं वाटतं, कारण बाकीच्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नसतो.

तूट पडायची कशी, तर एक मासला. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावी 2015 साली शाखेतल्या बाईंनी 8,000 पौंडांची रोकड जमा म्हणून नोंदवली. पडदा गोठला. पडदा गोठल्यावर कुठलाही माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, पुन्हा एंटर दाबलं, आणखी दोनदा दाबलं. प्रणालीने एररचा चकार शब्द काढला नाही, मात्र प्रत्येक एंटर इमानेइतबारे वहीत चढवलं. 8,000 चे झाले 32,000, आणि बाईंच्या गल्ल्यात 24,000 पौंड 'कमी' निघाले. एकच व्यवहार दोनदा आला तर तो ओळखून दुसरा सोडून द्यायचा, ही प्रोग्रामिंगमधली जुनीच शहाणपणाची रीत, पण तिला वेळ लागतो.

कोर्टाची भीती बाळगू नका. इंग्लंडमध्ये संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. 1999 च्या कायद्याने ती अट काढून टाकली, तेव्हापासून संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं, आणि नसेल तर ते आरोपीने दाखवायचं. दाखवणार कशावरून, तर जो एरर प्रणालीने कोणाला सांगितलाच नाही त्याच्यावरून. या हिशेबाने नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असल्या गुन्ह्यांत दोषी ठरले. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना 2010 साली गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं, त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांची शिक्षा रद्द व्हायला 2021 उजाडलं. होरायझनमध्ये बग होते असं न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं, आणि बाकीच्यांच्या शिक्षा घाऊक रद्द करायला संसदेला 2024 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे एक रिकामा कंस चांगली पंचवीस वर्षं टिकतो. तुमची इतकी नोकरी एका कंपनीत होणार आहे का?

तेव्हा निर्धास्त राहा आणि आलेलं तिकीट (तक्रारीची नोंद) लगेच बंद करा. अहवाल लिहावाच लागला तर वाक्यात कर्ता येऊ देऊ नका: 'विदा गहाळ झाला', 'हिशेबात तफावत आढळून आली', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे'. कारणाच्या रकान्यात काय भरायचं याचा विचार करत बसू नका. ड्रॉपडाउनमध्ये 'युजर एरर' सगळ्यात वर ठेवलाय, आणि काहीच निवडलं नाही तरी तोच जातो.