पाच हजार बीटीयू पुरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्रेलरचा एसी बदलल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया जरा झोंबली, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तुमचे आक्षेप तीन. कॅम्पिंग ट्रेलरच्या छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी काढून मी ५,००० बीटीयूचा खिडकीचा एसी बसवला ही कंजुषी (बीटीयू म्हणजे एसी तासाला किती उष्णता बाहेर काढतो त्याचं माप). छतातून पाणी गळत होतं तर नुसतं गॅस्केट, म्हणजे एसी आणि छत यांच्यामधली फोमची पट्टी, बदलायचं. आणि एसीच्या मागच्या भागाला हवा कुठून मिळते, ते मी लिहिलंच नाही.

गॅस्केट बदललं होतं हो! चारही बोल्ट आळीपाळीने, फोम निम्मा दबेल इतपतच आवळले होते. तरी वर्षभरात पुन्हा गळती. कारण छतच बसलं होतं. चाळीसेक किलोचं धूड प्रत्येक खड्ड्यात हिंदकळणार, मग दुसरं काय होणार? भोकाभोवती बशीसारखा खोलगट भाग झाला होता, त्यात पाणी साचायचं. आतलं पॅनेल उतरवून कडेच्या लाकडाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्या लाकडावर पुन्हा तेच वजन ठेवायचं? आता त्या चौदा इंची चौकोनात हलका व्हेंट फॅन आहे.

आता बीटीयू. १२,००० म्हणजे एक टन. जुना एसी त्याहून मोठा आणि माझा ट्रेलर जेमतेम चार मीटरचा. जुना एसी चार-पाच मिनिटांत हवा गार करून कॉम्प्रेसर बंद करायचा. आतल्या गार कॉइलवर हवेतलं पाणी जमतंय न जमतंय तोच बंद, आणि चालू राहिलेला पंखा तीच ओल परत आत फेकायचा. रात्री चादर गार, पण दमट. अंगाला चिकटायची नुसती. नवा बराच वेळ सलग चालतो आणि सकाळी नळीखालच्या डब्यात पाणी दिसतं. वीज साधारण साडेचारशे वॉट. जुना दीड हजारावर जायचा आणि सुरू होताना जनरेटर कण्हायचा. भर दुपारी उन्हात ट्रेलर उभा केला तर मात्र हा हरतो, हे कबूल. सावली शोधावी लागते, काचांना चकचकीत पडदे लावावे लागतात.

तिसरा आक्षेप शंभर टक्के बरोबर. खिडकीचा एसी बाजूच्या फटींतून बाहेरची हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. मी एसी कपाटात बसवला, तेव्हा पहिल्यांदा त्या फटी आतच कोंडल्या होत्या. अर्ध्या तासात एसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढू लागला आणि कॉम्प्रेसर ट्रिप झाला. मग मधोमध पत्र्याचा आडपडदा घातला. खालच्या जाळीतून हवा आत, मागच्या जाळीतून बाहेर. एसीला बाहेरच्या बाजूला किंचित उतारही दिला. लेखात हे सगळं गाळलं, कारण लाज वाटली. आज फोटोसकट टाकतो.

प्रवासात खालच्या जाळीतून धूळ येते, म्हणून तिला झाकण केलंय. गेल्या खेपेला ते काढायलाच विसरलो आणि एसी पुन्हा ट्रिप! आता झाकणाची दोरी एसीच्या प्लगलाच बांधून ठेवतो.